गायरान, माळ आणि ओढा: शिवारातला बदल गावानेच नकाशावर कसा टिपायचा

साठी ओलांडलेलं गावातलं कुणीही सांगेल, की अमुक माळावर कमरेएवढं गवत असायचं, ओढा होळीपर्यंत वाहायचा, आता काही उरलं नाही. आठवण खरी असते. पण ग्रामसभेत किंवा तहसील कचेरीत ती पुढे केली की हमखास तीन प्रश्न येतात: नेमकं कुठे, किती आणि कधीपासून? या तिन्हींची उत्तरं गावाला स्वतःच्या हाताने कागदावर मांडता यावीत, म्हणून हे लिहिते आहे.

देशाच्या पातळीवर अशी मोजदाद झालेली आहे. इस्रोने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहाप्रमाणे २०१८-१९ साली देशातली सुमारे ९.७८ कोटी हेक्टर जमीन अवनत, म्हणजे कस उतरलेली, होती, म्हणजे एकूण भूभागाच्या जवळपास ३० टक्के. सगळ्यात मोठं कारण पाण्याने होणारी धूप. पण तो नकाशा १:५,००,००० या प्रमाणाचा आहे. हजार हेक्टरचं अख्खं गाव त्यावर सहा-सात मिलिमीटरच्या चौकोनात संपतं. आपलं गायरान, आपली घळ त्यात दिसणं शक्यच नाही. ते काम गावालाच करावं लागतं, आणि ते जमण्यासारखं आहे.

माझा अनुभव मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेतल्या माळांचा. कोकणातल्या कातळावर किंवा गडचिरोलीच्या जंगलात जमीन वेगळी, प्रश्न वेगळे, पण कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

आधी एकच प्रश्न ठरवा

"शिवाराचा नकाशा करू या" एवढं म्हणून सुरुवात केली की महिन्याभरात उत्साह ओसरतो, कारण काय टिपायचं तेच ठरलेलं नसतं. पहिल्या वर्षी एकच प्रश्न घ्या. गायरानावर चराऊ गवत किती उरलं? ओढ्याकाठची घळ दरवर्षी कुणाच्या रानात किती शिरते? शिरोळ-मिरज भागात असाल, तर क्षारपड कुठवर पसरली? हद्दही छोटी ठेवा. एखादा पाणलोट, किंवा गायरानाचे तीन-चार गट. चारशे एकर नीट झालं तर पुढच्या वर्षी बाकीचं गाव आपोआप मागे लागतं.

काम करणाऱ्यांचा गट आठ-दहा जणांचा असावा. त्यात मेंढरं राखणारं कुणीतरी हवंच, सरपणाला जाणाऱ्या बाया हव्यात, हद्दी तोंडपाठ असलेला कोतवाल हवा, आणि फोन सराईतपणे चालवणारी दोन तरुण मुलं-मुली. नुसत्या शिकलेल्या पोरांचा गट केला तर नकाशा देखणा होतो, पण त्यात माळ राहतो रिकामा.

जुने कागद गोळा करा

भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची प्रत घ्या. जुने गावनकाशे बहुधा मैलाला आठ इंच या प्रमाणात, म्हणजे १:७९२० असे असतात. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात, पण ओढे, वाटा, विहिरी, देवस्थानं यांच्या खुणा जुन्या कागदावर जास्त सापडतात, म्हणून दोन्ही बघा.

तलाठ्याकडे तीन नमुने मागा. गाव नमुना १-ब मध्ये सरकारी, बिनभोगवट्याच्या जमिनींची नोंद असते. गायरानाचा पत्ता तिथे लागतो. गाव नमुना २ बिनशेती जमिनींचा; एन.ए. कसं वाढत गेलं ते त्यावरून वर्षवार काढता येतं. आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवरून नोंद करतात, त्यामुळे अलीकडची माहिती पूर्वीपेक्षा बरी मिळते. विदर्भात निस्तारपत्रक जरूर शोधा. कुठल्या जमिनीवर चराई, कुठे सरपण, कुठे दगड-मुरूम, हे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात.

एक अडचण ठरलेली. जुनी माणसं सर्व्हे नंबर सांगतात आणि आजचा उतारा गट नंबर सांगतो. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला, याची यादी एकत्रीकरण योजनेच्या कागदांत असते. ती आधीच मिळवून ठेवली, तर पुढची बरीच भांडणं टळतात.

संगणकाच्या आधी रांगोळी

या पायरीवर घाई करू नका. सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

देवळापुढच्या किंवा शाळेच्या मोकळ्या पटांगणात गाव काढा. रांगोळीने शीव, निळीने ओढे, हळदीने वाटा, विटेच्या तुकड्यांनी वस्त्या, पाल्याने झाडोरा. आधी ओढा काढून घ्या, कारण ओढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग बाकीच्या जागा त्याच्या आधाराने बसतात. मग एकेक जागा तिच्या गावातल्या नावाने लिहा: बरड, चोपण, पाणथळ, मळई, म्हसोबाचा माळ, गाढवलोळी. ही नावं कुठल्याही सरकारी नकाशात नसतात आणि जमिनीचा अर्धा इतिहास त्यांतच असतो. "पाणथळ" नावाच्या जागेवर आज पाचशे फूट खोल बोअर कोरडा निघत असेल, तर ती नोंद तिथेच करून ठेवा.

बायकांचा नकाशा वेगळा आणि वेगळ्या वेळी करा. पुरुषांच्या नकाशात विहिरी, रस्ते, पाइपलाइन ठळक येतात. बायकांच्या नकाशात सरपणाच्या वाटा येतात, त्या कुठून कुठे सरकल्या ते येतं, रानभाजी कुठल्या बांधावर मिळायची आणि तणनाशक मारायला लागल्यापासून कुठली गेली, ते येतं. माझ्या मते धुपीचा आणि झाडोरा कमी झाल्याचा सगळ्यात विश्वासू पुरावा सरपणाच्या अंतरात असतो, आणि तो कुठल्याच उपग्रहातून मिळत नाही. मेंढपाळांशीही निराळं बसा. कुठल्या महिन्यात कळप कुठे बसतो, कुठला माळ सोडून दिला आणि का, एवढे दोन प्रश्न पुरतात.

काळ विचारताना सन विचारू नका. गावाला ठाऊक असलेल्या खुणा धरा: बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (१९९३), २०१२-१३ चा दुष्काळ, पहिला जेसीबी गावात आला ते साल. "तेव्हा इथे काय होतं?" असं प्रत्येक खुणेला धरून विचारलं की लोक एकमेकांना दुरुस्त करत जातात. ज्या जागेवर एकमत होत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. शिवारफेरीत तिथेच आधी जायचं असतं.

रांगोळी पुसण्याआधी वरून, शाळेच्या गच्चीवरून वगैरे, फोटो घ्या आणि त्याच दिवशी तो नकाशा कागदावर उतरवा. कागद गावात राहू द्या.

शिवारफेरी

आता प्रत्यक्ष चाला. फोनमध्ये ओडीके कलेक्ट किंवा क्यूफील्ड हे ॲप घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि माळावर रेंज नसली तरी चालतात. ॲपमधला नोंदीचा फॉर्म छोटा ठेवा: जागेचं गावातलं नाव, आज काय आहे, पूर्वी काय होतं, सांगणाऱ्याचा साधारण वयोगट, फोटो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची जागा चार-पाच मीटरने इकडेतिकडे होते, एवढं लक्षात असू द्या. ड्रोनची पहिल्या वर्षी अजिबात गरज नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणाची. शिवार त्यात नाही.

ठरावीक दहा-बारा ठिकाणं फोटोसाठी कायम करा. दगडावर पांढरा रंग, उभं राहायची जागा ठरलेली, तोंड कुठल्या दिशेला तेही ठरलेलं. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून फोटो. पाच वर्षांनी हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की समजावून सांगायला शब्द लागत नाहीत.

धूप डोळ्यांनी कशी ओळखायची? माळावरच्या जुन्या बाभळीजवळ खाली बसा. खोड जिथे मुळांत फाकतं ती जागा एके काळी मातीच्या पातळीला होती. आज मुळं उघडी पडून ती जागा वीतभर वर असेल, तर झाडाच्या वयात तेवढी माती गेली. झाडाचं वय गावात कुणाला ना कुणाला माहीत असतंच. अशी आठ-दहा झाडं मोजा, एकट्या झाडावर विसंबू नका.

पुढची मोजणी हवी असेल तर दीड-दोन फुटांच्या लोखंडी सळ्या उतारावर ठोका, प्रत्येकीचा पाच सेंटिमीटर भाग वर ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर वर किती दिसते ते मोजा. कुठे माती जाईल, कुठे साचेल. म्हणून एका उतारावर निदान वीस सळ्या हव्यात. सरासरी एक मिलिमीटर गेली, तर हेक्टरी दहा घनमीटर माती गेली, म्हणजे साडेतीन ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). मिलिमीटर म्हटलं की कुणी मान वर करत नाही. ब्रास म्हटलं की ट्रॅक्टरवाला लगेच किंमत करतो. घळीच्या तोंडाशीही खुंटी ठोका आणि पावसाळ्यानंतर तोंड खुंटीपासून किती सरकलं ते टेपने मोजा.

गवतही वाचायला शिका. पवना, मारवेल टिकून असतील तर माळ अजून सावरू शकतो. नुसती कुसळी उरली, तरवड वाढला, जागोजागी गाजर गवत दिसायला लागलं, की चराईचा ताण वाढलाय किंवा जमीन उकरली गेली आहे असं समजा.

उपग्रहाची चित्रं

आता संगणकाकडे या. गूगल अर्थच्या संगणकावरच्या प्रो आवृत्तीत मागच्या तारखांची चित्रं दाखवणारी पट्टी आहे. त्यात साधारण २००५ नंतरची स्पष्ट चित्रं बहुतेक गावांची मिळतात. त्याही मागे जायचं तर अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रं आहेत. १९७२ पासूनची, २००८ पासून सगळ्यांना मोफत. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासूनचा, आणि त्यातल्या उपग्रहांच्या जोडीकडून मिळून दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे जमीनवापराचे तयार नकाशे १:५०,००० प्रमाणात आहेत.

किती बारीक दिसतं ते गुंठ्यात समजून घ्या. सेंटिनेलचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे एक आर, जवळपास एक गुंठा. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. म्हणून लँडसॅटवर दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल काही ठाम बोलू नका. निदान दोन-तीन एकरांचा बदल असला तरच तो धरा.

महिना फार महत्त्वाचा. एका वर्षाचा ऑक्टोबर आणि दुसऱ्या वर्षाचा मे समोरासमोर ठेवला, तर वाळवंट होतंय असंच वाटेल. माळाचं गवत बघायचं तर पावसाळा संपल्यावरचं, दिवाळीच्या आसपासचं चित्र घ्या. मे महिन्याचं चित्र वेगळं काम करतं: तेव्हा हिरवं दिसतं ते ऊस, फळबाग, सदाहरित झाडं आणि वेडी बाभूळ एवढंच. शेततळीही मे महिन्यात चौकोनी तुकड्यांसारखी मोजता येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटवलेले असतात, ते काळे डाग धुपीत धरू नका. शिवाय दोन वर्षांचा पाऊस सारखा आहे ना ते बघा. आपल्या महसूल मंडळाचा पाऊस मिळतो. २०१८ च्या दुष्काळी वर्षाची २०१९ शी तुलना करून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

आणि आता या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. हिरवाई वाढली म्हणजे जमीन सुधारली असं नाही. उपग्रहावरून हिरवाईचा निर्देशांक काढता येतो, तो सोपा आहे आणि रंगीत नकाशा झकास दिसतो. पण ज्या माळावर पवना होता तिथे वेडी बाभूळ माजली, तर निर्देशांक वाढतो, आणि मेंढरांच्या तोंडचं गवत मात्र गेलेलं असतं. माळ फोडून, बोअर मारून ऊस लावला, तरी निर्देशांक वाढतो. गिरिपुष्पाची गच्च लागवड केली, तरी वाढतो. उलट, उन्हाळ्यात पिवळा पडणारा जिवंत माळ चित्रात उजाड दिसतो आणि सरकारी वर्गवारीत "पडीक" होऊन बसतो. मग पडीक आहे म्हणून तो कुठल्यातरी प्रकल्पाला देणं सोपं जातं. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी याच "पडीक" जमिनीवर वाढला, लांडगे, चिंकारा तिच्यावरच राहतात, आणि धनगरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार तिच्यावर चालत आला आहे. म्हणून चित्रातल्या प्रत्येक रंगाचं नाव गावाने ठरवायचं. संगणकावर रंगांची यादी करताना "पडीक" हा शब्दच ठेवू नका. त्याऐवजी चराऊ माळ, खडकाळ बरड, नांगरून सोडलेलं रान, वेडी बाभूळ, खाण असे वेगळे वर्ग करा.

दोन काळ एकमेकांवर ठेवणे

हे काम क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. जुना गावनकाशा स्कॅन करून, आजही जागेवर असलेल्या खुणांनी तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा: तीन शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, देऊळ, दोन ओढ्यांचा संगम. निदान आठ-दहा खुणा, गावभर पसरलेल्या. बसवताना पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेशासाठी यूटीएम (मीटरमध्ये मोजायची जागतिक नकाशापद्धत) विभाग ४३ निवडा. यवतमाळपासून पूर्वेला ४४. नाहीतर क्षेत्रफळ चुकीचं येतं.

१:७९२० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर. त्यात कागद आकसलेला, फोनची चूक, ठिपक्याचा आकार. म्हणून पंधरा-वीस मीटरपेक्षा अरुंद पट्ट्यातला "बदल" मोजू नका. त्यावरून बांधाची भांडणं लागतात आणि नकाशाचं काम तिथेच बुडतं. हा नकाशा मोजणीचा नाही. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेखाचा, हे नकाशावरच ठळक लिहा.

मग कशाचं काय झालं, ते मांडा. समजा, गायरानावर १९९० च्या चित्रात ६४ हेक्टर गवत होतं आणि आज २९ आहे. नुसतं "३५ हेक्टर कमी झालं" एवढ्याने पुढचं काही सुचत नाही. पण तेच उकलून बघा: ६४ पैकी २७ अजून गवतच, १४ वर वेडी बाभूळ, १२ नांगराखाली, ६ मुरमाच्या खाणीत, ५ वर घरं; आणि २ हेक्टर जुन्या खडकाळ बरडावर नव्याने गवत आलेलं. आता प्रत्येक आकड्याचं वेगळं काम दिसतं. बाभूळ काढता येते, नांगरलेल्या जमिनीबद्दल बसून बोलावं लागतं, खाणीचा परवाना तपासावा लागतो, आणि बरडावर गवत आलं तिथे कुणी चराई थांबवली होती का, हे विचारून घ्यावं लागतं. अशी उकल झालेला तक्ता हेच या सगळ्या खटाटोपाचं फळ.

नकाशावर काय ठेवायचं नाही

गायरानावरच्या त्या ५ हेक्टर घरांत कोण राहतं, ते आधी विचारा. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा सामाईक जमिनींबद्दलचा निकाल आणि त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय, यांमुळे गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचा रेटा वाढला. पण मराठवाड्यासह बऱ्याच भागांत गायरान कसणारे, तिथे राहणारे लोक भूमिहीन दलित, आदिवासी, भटके आहेत. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह याच जमिनींसाठी होता, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचं धोरण राज्यानेच घेतलेलं आहे. आपल्या नकाशाने दोन एकर कसणारी विधवा बाई उघडी पडायची आणि शंभर एकर पोखरणारा खाणवाला सुटायचा, असं होऊ देऊ नका. कसणाऱ्यांची नावं नकाशावर लिहू नका, वस्ती आणि शेती यांना वेगळा रंग द्या, आणि गायरानावर राहणाऱ्यांना रांगोळीच्या दिवसापासून सोबत घ्या.

लांडग्याची बीळं, दुर्मिळ पक्ष्यांच्या विणीच्या जागा, औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणंही जाहीर प्रतीवर नकोत. ती गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत ठेवा.

ग्रामसभा आणि पुढचं वर्ष

नकाशा आधी वस्त्यांवर दाखवा, मग ग्रामसभेत. आधी न दाखवता थेट ग्रामसभेत नेला, तर पहिला तासभर "माझं रान चुकीचं दाखवलंय" यातच जातो. दुरुस्त्या जागेवरच पेन्सिलीने करा. ग्रामसभेत ठराव घेताना मागणी नेमकी असू द्या: अमुक गटांत दोन पावसाळे चराईबंदी, अमुक घळीवर दगडी बांध, अमुक खाणीच्या परवान्याची प्रत. नकाशा आणि तक्ता ठरावाला जोडा, जावक क्रमांक घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो वर्षानुवर्षं गावाने स्वतः जंगलाचा अभ्यास करून, नोंदी ठेवून, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेतल्यानंतर. वनजमीन असेल तर तुमचा नकाशा अशा दाव्यातही पुरावा म्हणून लावता येतो.

प्रती तीन ठेवा: ग्रामपंचायतीत, शाळेत आणि गटातल्या कुणाच्या तरी घरी. संगणकातली फाइल, फोटो आणि सळ्यांची वही एकाच नावाच्या फोल्डरमध्ये, वर्ष घालून. पुढची फेरी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, असं ग्रामसभेतच जाहीर करा आणि दोन नवी मुलं त्याच दिवशी गटात घ्या, म्हणजे जुन्यांपैकी कुणी नोकरीला पुण्याला गेलं तरी सळ्या कुठे ठोकल्यात हे दाखवायला माणूस राहील.